डॉ. प्रिसिला व्हाइट : मधुमेही मातांची पाठराखीण

इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले, की घरावर चिंतेची सावली पसरत असे. १९२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन प्रथम वापरले गेले आणि अशा माता वाचू लागल्या. त्यांची अर्भके मात्र मोठ्या संख्येने दगावतच राहिली. हे कोडे सोडविण्यासाठी बॉस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी पन्नास वर्षे वेचली.

त्यांचा जन्म १७ मार्च १९०० रोजी बॉस्टन येथे झाला. त्या काळी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे दरवाजे स्त्रियांसाठी बंद होते. ते उघडायला १९४५ साल उजाडावे लागले. प्रिसिला यांनी टफ्ट्समधून १९२३ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली आणि पुढल्याच वर्षी त्या प्रसिद्ध मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोस्लिन यांच्याकडे रुजू झाल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे मधुमेही मुलांची जबाबदारी होती. इन्शुलिनमुळे जगलेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांचे संसार सुरू झाले आणि आई होण्याची इच्छा घेऊन मधुमेही तरुणी त्यांच्या दारी येऊ लागल्या.

गर्भारपण टाळा, असा सल्ला देणे सोपे होते. व्हाइट यांनी अवघड वाट धरली. वारंवार तपासणी, काटेकोर आहार, इन्शुलिनच्या मात्रेत सतत फेरबदल आणि अखेरच्या आठवड्यांत अर्भक दगावू नये म्हणून मुदतीपूर्वी प्रसूती, अशी त्यांची पद्धत होती. १९२४ मध्ये अशा गर्भारपणांतील जेमतेम ५४ टक्के अर्भके वाचत. १९७४ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले होते.

१९४९ मध्ये त्यांनी मधुमेही गर्भवतींचे वर्गीकरण मांडले. मधुमेह कोणत्या वयात जडला, किती वर्षे आहे आणि रक्तवाहिन्यांना किती इजा झाली आहे, यांवर ते आधारलेले होते. केवळ तपासणीत आढळणारा, आहाराने आटोक्यात राहणारा सौम्य मधुमेह त्यांनी ‘ए’ वर्गात घातला. पुढे गर्भारपणातच प्रथम आढळणाऱ्या मधुमेहालाही याच वर्गात जागा मिळाली. या वर्गीकरणाचा मोजमापाचा आधार आईची प्रकृती हा होता, हे विशेष.

त्यांचे सारेच निर्णय अचूक ठरले नाहीत. गर्भ टिकावा म्हणून त्यांनी स्टिलबेस्ट्रॉलसारख्या संप्रेरकांचा पुरस्कार केला. त्यांचा उपयोग होत नसल्याचे पुढे चाचण्यांत दिसले. आणि गर्भात असताना या औषधाशी संपर्क आलेल्या मुलींना कर्करोगाचा धोका असल्याचे १९७१ मध्ये बॉस्टनमध्येच उघड झाले.

वार सुटताच इन्शुलिनला विरोध करणारी तिची संप्रेरके शरीरातून ओसरतात. मग इन्शुलिनवर असलेल्या बाळंतिणीची गरज एकाएकी घटते. मात्रा वेळीच कमी केली नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ज्यांना मधुमेह गर्भारपणातच जडला, त्यांची साखर बहुधा थोड्याच दिवसांत पूर्ववत होते आणि सारे संपले असे वाटते. परंतु गर्भारपणाच्या ताणामुळे उघड झालेली स्वादुपिंडाची दुर्बलता तशीच राहते. बॉस्टनमध्येच जॉन ओ’सलिव्हन यांनी क्लेअर महान यांच्यासह ७५२ गर्भवतींच्या तपासण्यांवरून १९६४ मध्ये निदानाचे निकष ठरविले, तेही आईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता डोळ्यांपुढे ठेवून.

व्हाइट यांना १९६० मध्ये बँटिंग पदक मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रियांना हा धोका अधिक असल्यामुळे ही कथा आपल्याही घरची आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी येणाऱ्या आईच्या सामानात डिंकाचे नि आळिवाचे लाडू असतातच. बाळाचे डोस, वजन, झोप यांच्या नोंदी होतात. आईची तपासणी तेवढी राहून जाते. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर चार ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करावयाची चाचणी करावी आणि साखर नॉर्मल आली, तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करीत राहावी, अशी आज शिफारस आहे. लाडू किती खावेत, हे त्या चाचणीनंतर डॉक्टरांना विचारून ठरविता येईल. व्हाइट यांनी बाळे वाचविली ती आईकडे बारकाईने पाहून. बारशाच्या धामधुमीत तेवढे लक्ष आपणही बाळंतिणीकडे द्यायला हवे.