नीती कुणी ठरवली?

रात्री होस्टेलवर वाद पेटला. रूममेटचं म्हणणं, नीती देवानं घालून दिलेली, ती बदलत नसते. मला बाबासाहेब आठवले. अस्पृश्यतेला धर्माचा आधार देणारी मनुस्मृती त्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली. हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पण गंमत बघा, नीती सोयीनं वाकवणंही त्यांना पटत नव्हतं. ती पवित्र आणि सगळ्यांना सारखी हवी होती. म्हणून देवाच्या जागी नीती ठेवणारा बुद्धाचा धम्म निवडला. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, आजारी असूनही आपल्या चांद्यात येऊन लोकांना दीक्षा दिली. पुढे जेमतेम ५१ दिवस जगले.

माणसानं केलेली नीती उद्या माणूसच मोडेल, मग? रूममेटच्या या प्रश्नावर मी अडलो. येत्या १६ ऑक्टोबरला त्याला दीक्षाभूमीवर नेतोय.