कुणालाही नाही न म्हणणारे पोप दहावे लिओ



नोव्हेंबर महिना जवळ आला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. १ ते ८ तारखेपर्यंत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की 'इंडल्जन्स' मिळते, ती नेमकी काय? इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले पुढचा प्रश्न विचारतात: शब्दकोशात तर ह्या शब्दाचा अर्थ चैन, लाड, हवे ते करू देणे असा आहे, मग तो ख्रिस्तसभेत कशाला? हे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या आयुष्यात जसे एकत्र आले तसे क्वचितच कुठे आले असतील. म्हणून ह्या रविवारी पोप दहावे लिओ ह्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचे मूळ नाव जोव्हान्नी दि मेदिची. जन्म ११ डिसेंबर १४७५, फ्लॉरेन्स. घराणे पेढीवाल्यांचे, वडील लोरेन्झो शहराचे धनी आणि कलावंतांचे पोशिंदे. जोव्हान्नी दुसरा मुलगा, त्यामुळे त्याने ख्रिस्तसभेत मोठे व्हावे हे घरातच ठरलेले. १४८९ साली तेराव्या वर्षी त्याला कार्डिनल नेमले गेले. वय इतके कोवळे की तीन वर्षे ही नेमणूक जाहीर करता आली नाही! १४९२ मध्ये मुलगा रोमला गेला तेव्हा वडिलांनी पत्र लिहून त्याला साधे जेवायला, लवकर उठायला आणि थाटमाट टाळायला सांगितले. त्याच वर्षी वडील वारले. पत्रातला उपदेशही फार दिवस टिकला नसावा.

वाईट दिवसही आले. १४९४ मध्ये मेदिची घराण्याला फ्लॉरेन्समधून हाकलले गेले, १५१२ मध्ये रावेन्नाच्या लढाईत ते फ्रेंचांच्या हाती सापडले आणि निसटले. पुढच्याच वर्षी, मार्च १५१३ मध्ये, ३७ व्या वर्षी ते पोप म्हणून निवडले गेले. तोवर त्यांना गुरुदीक्षाच मिळालेली नव्हती. १५ मार्चला धर्मगुरू, १७ ला बिशप आणि १९ ला मस्तकी मुकुट. सेमिनरीत घालवलेली आमची वर्षे आठवून आम्हाला ह्याचे हसू येते.

माणूस मनाने दुष्ट नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. ते उपास पाळत, मिस्सा चुकवत नसत, गरिबांना सढळ हाताने देत. विद्वान, गवई, कवी, विदूषक, कुणीही दारात यावे आणि काहीतरी घेऊन जावे. रोमच्या विद्यापीठाला त्यांनी नवा जोम दिला, ग्रीक भाषेच्या अभ्यासाला आश्रय दिला. शिकारीचा त्यांना भारी नाद. १५१४ साली पोर्तुगालच्या राजाने त्यांना भारतातून आणलेला एक पांढरा हत्ती भेट पाठवला. हान्नो त्याचे नाव. पोपमहाशयांसमोर त्याने तीन वेळा गुडघे टेकले आणि सारे रोम त्याच्यावर लुब्ध झाले. दोन वर्षांत हत्ती मेला. इलाज म्हणून त्याला सोने घातलेले रेचक पाजले होते.

चित्रकार राफाएलकडून त्यांनी सिस्टाइन चॅपेलसाठी प्रेषितांच्या चरित्रावरील भरजरी पडद्यांची चित्रे करून घेतली. पडदे ब्रसेल्सला विणले गेले आणि त्यातले पहिले सात १५१९ च्या नाताळात चॅपेलमध्ये टांगले गेले. त्यातल्या एकावर, जवळ सोने-रुपे काही नसलेला पेत्र लंगड्याचा हात धरून त्याला उठवतो आहे. हे चित्र पाहताना लिओंच्या मनात काय येत असेल, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. कारण आधीच्या पोपनी भरून ठेवलेली तिजोरी त्यांनी केव्हाच रिकामी केली होती.

आता दंडमाफीचा मूळ अर्थ पाहू. समजा, कुणी शेजाऱ्याच्या शेताचा बांध सरकवला. त्याने कुमसार केला, बांध जागेवर नेला, शेजाऱ्यानेही मोठ्या मनाने क्षमा केली. पाप गेले. पण दुसऱ्याच्या जमिनीवर जाणारी नजर एका दिवसात सरळ होत नाही. ती सरळ करायचे कष्ट उरतातच, ह्या जगात किंवा शुद्धिस्थानात. ह्या उरलेल्या दंडात ख्रिस्तसभा ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याईतून सूट देते, ती इंडल्जन्स. लॅटिन शब्दाचा अर्थ माया, सौम्यपणा. ती मिळते पश्चात्ताप केलेल्याला.

लिओंच्या काळात ह्या मायेला दर लागला. सेंट पीटर बॅसिलिकाचे नवे बांधकाम १५०६ पासून चालू होते, त्याला पैसा हवा होता. तिकडे जर्मनीत आल्ब्रेख्त नावाच्या तरुण आर्चबिशपला एकाहून जास्त धर्मप्रांत हवे होते. त्याची फी भरायला त्याने फुगर पेढीकडून कर्ज काढले. लिओंनी परवानगी दिली: आल्ब्रेख्तच्या प्रांतांत दंडमाफीचा प्रचार व्हावा, अर्धा पैसा बांधकामाला, अर्धा कर्जफेडीला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन साधू गावोगाव फिरू लागला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे आल्ब्रेख्तलाच पाठवले.

खेदाची गोष्ट अशी की त्याच वर्षी १६ मार्चला लिओंच्या अध्यक्षतेखालील पाचवी लॅटरन परिषद संपली होती. सुधारणांचे ठराव तिने केले होते. अंमल झाला नाही. प्रत्येकाला सवलत हवी होती आणि लिओ ती देत होते. ॲरिस्टॉटल असंयमी माणसासाठी जो ग्रीक शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ 'ज्याला शिक्षा झालेली नाही असा' आहे, आणि लाडावलेल्या मुलांनाही तोच शब्द लावतात असे तो नोंदवतो. ज्याला लहानपणी कुणी नाही म्हटले नाही, त्याला मोठेपणी कुणालाच नाही म्हणता येईना. अर्थात दुखावले गेल्यावर ते कठोरही होत. १५१७ मध्ये विषप्रयोगाच्या कटात एका कार्डिनलला तुरुंगात ठार करण्यात आले आणि १ जुलैला ३१ नवे कार्डिनल एका दिवसात नेमले गेले. सणाच्या खर्चाचा कागद सहीला आला की आम्हालाही नाही म्हणवत नाही, त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतो.

१५२१ च्या जानेवारीत ल्यूथरला बहिष्कृत केले गेले. १ डिसेंबरला लिओ अचानक वारले, ४६ वर्षेही पुरी झाली नव्हती. मागे राहिले ते कर्ज आणि फाटलेली ख्रिस्तसभा. १५६३ मध्ये ट्रेन्टच्या परिषदेने दंडमाफीतील गैरव्यवहारांवर बंदी घातली, १५६७ मध्ये पोप पाचवे पायस ह्यांनी पैशाशी जोडलेल्या सर्व दंडमाफ्या रद्द केल्या, आणि १९६७ मध्ये पोप सहावे पॉल ह्यांनी दिवस-वर्षांचा हिशेबही काढून टाकला. आज अटी आहेत त्या अशा: कुमसार, कम्युनियन, पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि लहानातल्या लहान पापाचीही ओढ मनातून काढून टाकणे. शेवटची अट वाचायला सोपी आहे.

लिओंची कबर रोममध्ये सांता मारिया सोप्रा मिनेर्वा ह्या चर्चमध्ये आहे. मृत्यू इतका आकस्मिक आला की ज्यांच्या नावे अर्ध्या युरोपात दंडमाफी वाटली गेली, त्यांना स्वतःला अखेरचे संस्कार मिळाले नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दफनभूमीत उभे राहून आपापल्या माणसांची नावे घेताना गेली काही वर्षे आम्ही त्यांत जोव्हान्नी हे नावही घेतो.