पाच सेंटचं गाणं

दुसरं महायुद्ध म्हटलं की आपल्याला आठवतात हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा आणि टीव्हीवर पाहिलेले रणगाडे. पण त्याच वर्षांत अमेरिकेत घरी राहिलेले लोक काय करत होते? फॅक्टरीत जात होते, रेशनच्या साखरेत भागवत होते, आणि संध्याकाळी रेडिओ लावत होते. त्या रेडिओवर ज्याचा बॅण्ड ऐकून लोकांची गाणी पाठ व्हायची, त्या माणसाची ही गोष्ट. नाव ग्लेन मिलर. तो गायक नव्हता, हीरो नव्हता. फोटोत पाहिलं तर रिमलेस चष्म्यातला एखादा गणिताचा सर वाटतो.

जन्म १ मार्च १९०४, आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडा या छोट्या गावी. घरची परिस्थिती बेताचीच, वडील कामासाठी गावं बदलत राहिले, त्यामुळे बालपण नेब्रास्का, मिसूरी, कोलोराडो असं फिरतीत गेलं. पोरानं गाईंच्या धारा काढून पैसे जमवले आणि ट्रॉम्बोन घेतला. ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढे-मागे सरकवत वाजवायचं ते लांब पितळी वाद्य. १९२३ साली तो बोल्डरच्या कोलोराडो विद्यापीठात दाखल झाला खरा, पण सगळा वेळ बॅण्डमध्ये. एका सेमिस्टरला पाचपैकी तीन विषय उडाले. पुढे एटीकेटी वगैरे भानगडीत न पडता स्वारीनं कॉलेजच सोडलं. (हे वाचून कोणी प्रेरणा घेऊ नये. पुढची पंधरा वर्षं त्याचे हालच झाले.)

न्यूयॉर्कला आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ट्रॉम्बोन बरा वाजवतो, पण जॅक टीगार्डनसारखे लोक आपल्यापेक्षा कितीतरी सरस आहेत. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. यानं काम बदललं. कोणत्या वाद्यानं कधी काय वाजवायचं हे कागदावर मांडायचं, म्हणजे अरेंजमेंट, हे त्यानं मनावर घेतलं. त्यासाठी तो जोसेफ शिलिंगर नावाच्या रशियातून आलेल्या शिक्षकाकडे शिकायला गेला. हे शिलिंगर म्हणजे आपल्यातलेच! संगीत ते गणितानं शिकवायचे, ग्राफ पेपरवर आलेख काढून. मोठा संगीतकार जॉर्ज गर्श्विनही त्यांचा विद्यार्थी होता. शिलिंगरांनी दिलेला गृहपाठ म्हणून मिलरनं जी चाल लिहिली, तिचंच पुढे 'मूनलाइट सेरेनेड' झालं आणि ती त्याच्या बॅण्डची ओळख बनली. आपल्या असाइनमेंट्सचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

१९३७ साली त्यानं स्वतःचा बॅण्ड काढला आणि वर्ष संपता संपता तो बंद पडला. पैसे संपले होते. १९३८ मध्ये पुन्हा नवा बॅण्ड. या वेळी त्याच्याकडे एक युक्ती होती. इतर बॅण्डमध्ये सॅक्सोफोनचा ताफा मुख्य चाल वाजवायचा. मिलरनं चाल दिली क्लॅरिनेटला, तीच चाल एक सप्तक खाली टेनर सॅक्सोफोनला, आणि बाकीचे सॅक्सोफोन मधली जागा भरायला ठेवले. ऐकायला एकदम मऊ, चकचकीत आवाज. रेडिओ कितीही खरखरत असला तरी दोन सेकंदांत कळायचं की हा मिलर आहे.

१९३९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ग्लेन आयलंड कॅसिनोमध्ये या बॅण्डला काम मिळालं. कॅसिनो हे नावापुरतं, ते होतं नाचाचं ठिकाण. महत्त्वाचं म्हणजे तिथून कार्यक्रम थेट रेडिओवर जायचा. झालं, काही महिन्यांत देशभर नाव. मग 'इन द मूड', 'टक्सीडो जंक्शन', 'पेन्सिल्व्हेनिया ६-५०००'. हे शेवटचं नाव म्हणजे ज्या हॉटेलात बॅण्ड वाजवायचा त्या हॉटेल पेन्सिल्व्हेनियाचा टेलिफोन नंबर, दुसरं काही नाही. एका सिगारेट कंपनीनं त्याला आठवड्यातून तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम दिला. शिवाय ज्यूकबॉक्स होतेच. पाच सेंटचं नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की आतली यांत्रिक यंत्रणा बरोबर तीच रेकॉर्ड लावते. ज्या पोरांकडे ग्रामोफोन घ्यायला पैसे नव्हते, त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमच्या दुकानातला ज्यूकबॉक्स म्हणजे सर्वस्व. तिथेच नाच, तिथेच ओळखी आणि (अर्थात) तिथेच लफडी.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे स्विंग संगीत मुळात कृष्णवर्णीय कलावंतांचं. 'टक्सीडो जंक्शन' आधी अर्स्किन हॉकिन्स या अलाबामाच्या बॅण्डमास्टरनं केलं होतं. हॉकिन्स काळा आणि मिलर गोरा. रेडिओ, मोठी हॉटेलं आणि सिगारेटच्या जाहिराती कोणाच्या वाट्याला आल्या हे सांगायला नको. ज्या सैन्यात मिलर पुढे गेला, त्यातही काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. हे सोडून त्या काळाचं कौतुक करता येणार नाही.

जॅझच्या जाणकारांना मिलर आवडत नसे. त्यांचं म्हणणं, याच्या बॅण्डमध्ये उत्स्फूर्त असं काही नाही, रोज तेच, अगदी रेकॉर्डसारखं. आणि ते खरंच होतं. मिलर शिस्तीचा कडक. कपड्यांपासून सुरापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे पाहिजे. वादक त्याला मान द्यायचे, प्रेम करायचे असं म्हणता येणार नाही. पण लोक नाचायला यायचे ते ज्यूकबॉक्सवर ऐकलेलं गाणं जसंच्या तसं ऐकायला. हे त्याला पक्कं कळलं होतं.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं. त्या दिवसांत अमेरिकेत सगळ्यांत गाजत होतं ते मिलरचंच 'चॅटनूगा चू चू', एका आगगाडीचं गाणं. दोनच महिन्यांनी, १० फेब्रुवारी १९४२ ला, या रेकॉर्डच्या बारा लाख प्रती खपल्या म्हणून कंपनीनं रेडिओवरच्या कार्यक्रमात त्याला सोनेरी रंग दिलेली रेकॉर्ड भेट दिली. आज आपण ज्याला गोल्ड डिस्क म्हणतो, त्याची सुरुवात ही.

आणि त्याच महिन्यात अमेरिकेत खासगी मोटारगाड्या बनवणं थांबलं! कारखाने रणगाडे आणि विमानं बनवायला लागले. जपाननं मलाया आणि आसपासचा रबराचा प्रदेश घेतला होता, म्हणून टायर मिळेनात. टायर झिजू नयेत म्हणून वेगमर्यादा ताशी ३५ मैल. पेट्रोलला रेशन, साध्या माणसाला आठवड्याला तीन-चार गॅलन. मे १९४२ पासून साखर रेशनवर, नोव्हेंबरपासून कॉफी, ती मोठ्या माणसाला पाच आठवड्यांत एक पौंड. (आपल्या मेसच्या चहात तेवढी पावडर पडते की नाही ही शंकाच आहे.) नायलॉन पॅराशूटला गेलं, तेव्हा मुली पायांना रंग लावायच्या आणि मागे भुवयांच्या पेन्सिलनं शिवणीची रेघ ओढायच्या, म्हणजे लांबून मोजे घातल्यासारखं दिसावं. कारखाने रात्रंदिवस चालू. दुसऱ्या पाळीचे लोक मध्यरात्री सुटायचे, म्हणून त्यांच्यासाठी मध्यरात्रीनंतर नाचाचे कार्यक्रम ठेवायचे. पगार हातात होता, विकत घ्यायला वस्तू नव्हती. मग माणूस सिनेमाला जाईल, नाचायला जाईल, नाही तर ज्यूकबॉक्समध्ये पाच सेंट टाकेल.

गंमत म्हणजे रेकॉर्डचाही तुटवडा झाला, आणि त्याचं एक टोक आपल्या देशात होतं. तेव्हाच्या रेकॉर्ड शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. लाख जायची मुख्यतः हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या जंगलात झाडांवरच्या किड्यांपासून गोळा केलेली. जहाजं धोक्यात, त्यात लाख युद्धसामग्रीलाही लागायची. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारनं रेकॉर्डसाठीची लाख ७० टक्क्यांनी तोडली. लोकांना जुन्या रेकॉर्ड परत आणून द्यायला सांगण्यात आलं, त्या वितळवून नव्या करायच्या. म्हणजे कोणाच्या तरी आजोबांची आवडती रेकॉर्ड मोडून त्यातून मिलर निघत होता. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियननं मानधनाच्या वादावरून रेकॉर्डिंगच बंद केलं. बॅण्ड मोडायला लागले. बसला पेट्रोल नाही, वादक सैन्यात भरती.

मिलर त्या वेळी ३८ वर्षांचा, लग्न झालेला, डोळ्यांना चष्मा. त्याला कोणी बोलवायला येणार नव्हतं. आठवड्याला हजारो डॉलर मिळत होते. १९४१ पासूनच तो सैनिकी छावण्यांसाठी एक वेगळा रेडिओ कार्यक्रम करायचा. छावण्यांनी आपलं आवडतं गाणं कळवायचं, आणि जिंकणाऱ्या छावणीला रेडिओग्राम आणि रेकॉर्ड भेट. पण तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. आधी त्यानं नौदलाकडे अर्ज केला, त्यांनी नको म्हटलं. मग लष्कराला पत्र लिहिलं की मला घ्या, मी सैन्याचं संगीत आजच्या काळाचं करून देतो. २७ सप्टेंबर १९४२ ला न्यू जर्सीच्या पसेइक गावात त्याच्या बॅण्डचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो कॅप्टन मिलर झाला.

सैन्यात जाऊन पाहतो तर काय, बॅण्ड वाजवतोय पहिल्या महायुद्धातल्याच चाली. १९४३ मध्ये येल विद्यापीठात हवाई दलाचं प्रशिक्षण चालू होतं, तिथे मिलरनं डब्ल्यू. सी. हॅण्डीच्या 'सेंट लुईस ब्लूज'चं लष्करी मार्चमध्ये रूपांतर केलं. ड्रम जीपवर चढवले आणि कॅडेटना त्यावर परेड करायला लावली. पोरं खूश, पाय आपोआप उचलायला लागले. जुने अधिकारी मात्र भडकले. हे काय लष्करी संगीत झालं का! बरीच वादावादी झाली, वर्तमानपत्रांपर्यंत गेली. मिलर मागे हटला नाही. मला तर त्याची ही बाजूच जास्त आवडते. ज्या माणसाला टीकाकार यांत्रिक म्हणायचे, तोच इथे नियम मोडत होता.

जून १९४४ मध्ये सुमारे पन्नास जणांचा हा बॅण्ड इंग्लंडला पोचला. लंडनवर तेव्हा जर्मनीचे व्ही-१ बॉम्ब पडत होते. म्हणजे वैमानिक नसलेलं, इंजिन बंद झालं की खाली कोसळणारं विमानच. मिलरनं धावपळ करून बॅण्डला २ जुलैला बेडफर्डला हलवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते राहात होते त्याच रस्त्यावर व्ही-१ पडला आणि सत्तरहून जास्त अमेरिकन सैनिक मेले. बॅण्डमधलं कोणी नाही.

मग विमानतळांच्या हँगरमध्ये कार्यक्रम सुरू झाले. बॉम्बफेक करून परतलेली पोरं, वीस-एकवीस वर्षांची, म्हणजे आपल्याच वयाची, विमानाच्या पंखांवर बसून ऐकायची. काल शेजारच्या कॉटवर झोपलेला मित्र आज परत आलेला नाही, अशी अवस्था. त्यांना नवं काही नको होतं. त्यांना हवं होतं गावातल्या ज्यूकबॉक्सवरचं ते गाणं, तस्सं. 'इन द मूड'च्या शेवटी तीच ओळ पुन्हा पुन्हा हळू हळू होत जाते आणि मग एकदम मोठ्यानं येते, ती त्याच ठिकाणी यायलाच हवी. जाणकार ज्याला दोष म्हणायचे तेच इथे उपयोगी पडलं. त्या हळू भागावरून बीबीसीशी मात्र वाजलं. रेडिओवर तो भाग ऐकूच येत नाही, आवाज एकसारखा ठेवा, असं त्यांचं म्हणणं. सिग्नल-टू-नॉइजचा प्रॉब्लेम, दुसरं काय.

शरद ऋतूत मिलरचे काही कार्यक्रम जर्मन सैनिकांसाठी जर्मन भाषेतही झाले. नाझी राजवटीत स्विंग म्हणजे हीन संगीत, त्यासाठी तरुण पोरांना अटकही झालेली. त्यांनाच हे ऐकवायचं! मिलर स्वतः कागदावरून जर्मन वाक्यं वाचायचा.

पॅरिस मोकळं झालं होतं, बॅण्डला आता तिथे जायचं होतं. मिलर, एव्हाना मेजर, तयारीसाठी आधी निघाला. १५ डिसेंबर १९४४, दुपारची वेळ, बेडफर्डजवळचा ट्विनवुड फार्म विमानतळ, धुकं आणि थंडी. एका इंजिनाचं छोटं नॉर्समन विमान, आत वैमानिक, एक अधिकारी आणि मिलर. इंग्लिश खाडीवर ते कुठे गेलं ते कधीच कळलं नाही. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ झालं असावं हा सगळ्यांत पटणारा तर्क. परतणाऱ्या ब्रिटिश विमानांनी समुद्रात टाकलेले बॉम्ब लागले असावेत असंही काही जण म्हणतात. अवशेष सापडले नाहीत. दुसऱ्याच दिवशी बल्जची मोठी लढाई सुरू झाली, त्यामुळे एका विमानाची चौकशी कोण करणार? बॅण्ड १८ तारखेला पॅरिसला उतरला तर घ्यायला मिलर नाही. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, बातमी जाहीर झाली. वादकांनी कार्यक्रम रद्द केले नाहीत. मिलरशिवाय ते १९४५ च्या उन्हाळ्यापर्यंत युरोपात वाजवत राहिले.

त्याच सुमारास असलं स्विंग मुंबईच्या हॉटेलांतही वाजत होतं, बरेचसे वादक गोव्याचे. त्यांच्यातला चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होता, आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो ठेका ऐकू येतो. गॅदरिंगला त्या गाण्यांवर नाचणाऱ्यांना हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंग बंद असतानाच्या काळातला मिलर आज ऐकायला मिळतो तो बराचसा व्ही-डिस्कमुळे. या खास सैनिकांसाठी काढलेल्या रेकॉर्ड, लाखेऐवजी व्हिनाइलच्या, बोटीतून पाठवल्या तरी न फुटणाऱ्या. युनियननं परवानगी दिली ती एकाच अटीवर, की या बाजारात विकायच्या नाहीत. म्हणून १९४९ मध्ये ही योजना बंद झाली तेव्हा सरकारनं साठा आणि मूळ साचे नष्ट केले. पण तोवर पुष्कळ सैनिकांनी आपापल्या किटबॅगमध्ये कपड्यांच्या घड्यांत लपवून त्या घरी नेल्या होत्या.