मंडळीच्या मुखी गीत देणारा सेवक : रेव्हरंड नारायण वामन टिळक

रविवारच्या उपासनेत पाळक गीताचा आकडा सांगतात, पेटीवाला सूर धरितो, आणि सारी मंडळी गाऊ लागते. मागल्या ओळीत एखादी म्हातारी आई बसलेली असते. तिला अक्षरओळख नसते, तिच्या हाती पुस्तक नसते, तरी गीताचा एक शब्दही तिचा चुकत नाही. प्रभूच्या प्रीतीविषयी तिला जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे तिला गीतांनीच शिकविले आहे. अशा शेकडो गीतांचा कर्ता कोण होता, आणि तीं गीते मंडळीस देण्यासाठी त्याला व त्याच्या घरच्यांस काय सोसावे लागले, हे आपल्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस ठाऊक असावे म्हणून हे अल्प चरित्र सादर करीत आहो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई मायाळू व भक्तिमान होती. मुलाच्या मनात काव्याचे बीज पडले ते आईच्या सहवासात. ही माउली तो लहान असतानाच निवर्तली, आणि त्या दुःखात नारायणाने घर सोडिले. तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाच्या चरणांशी बसून त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. हाच अभ्यास पुढे प्रभूच्या सेवेस लागणार होता. परंतु त्या वेळी हे कोणास ठाऊक असणार?

१८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी ठेविले. टिळकांचा जीव एका जागी रमत नसे. आज येथे शिक्षक, उद्या तेथे पुराणिक, असे त्यांचे चाले. ते कविता रचीत, व्याख्याने देत, आणि नागपुरास श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे कामही करीत. पण जातिभेदाने पोखरलेला हा देश कोणत्या धर्माने एक होईल, आणि आपल्या जिवास शांति कोठे लाभेल, हे दोन प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देत नसत.

१८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावास निघाले असता डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. दोघांचे काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले. उतरते वेळी त्या गृहस्थांनी नव्या कराराचे पुस्तक त्यांच्या हाती दिले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांस ते हास्यास्पद वाटले. तथापि वाचीन असे वचन त्यांनी दिले होते, म्हणून वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच खिळून राहिले. ज्या प्रश्नांनी त्यांस इतकी वर्षे छळिले होते, त्यांची उत्तरे त्यांस त्या अध्यायांत सापडली. त्या प्रवाशाचे नाव टिळकांस कधीच कळले नाही. हाती पुस्तक ठेवून निघून गेलेल्या त्या अनाम सेवकाकडे पाहून, ज्यांच्या कामाचे फळ त्यांच्या दृष्टीस पडत नाही अशा आपल्या उपदेशक बंधूंनी धीर धरावा.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरी हे वर्तमान पोहोचले तेव्हा जणू मृत्यूच झाला असा आकांत उडाला. लक्ष्मीबाईंच्या कडेवर लहान मूल होते. धर्म सोडिला तर पती मिळेल, आणि धर्म राखिला तर पती जाईल, अशा कात्रीत ती साध्वी सापडली. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नींचा वियोग झाला. शेवटी त्या पतीकडे आल्या. पण सोवळेओवळे पाळीतच आल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हळूहळू देवाच्या आत्म्याने त्यांच्या मनातील जातीची भिंत पाडिली, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जिच्या स्वयंपाकघरात पूर्वी परक्याची सावली चालत नसे, तिच्या घरी पुढे सर्व जातींची अनाथ लेकरे एका पंक्तीस जेवू लागली.

टिळक अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, येऊन तेथील ईश्वरविज्ञानाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि राहुरी येथेही त्यांनी काही वर्षे सेवा केली. त्या काळी नगर जिल्ह्यातील मंडळ्या वाढत होत्या. त्यांतील बहुतेक बंधुभगिनी गरीब व निरक्षर अशा खेडवळ लोकांतून आलेल्या होत्या. त्यांच्या अंगी गाण्याची देणगी पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पुरुष रात्री टाळ घेऊन भजनास बसत, आणि बाया पहाटे जात्यावर ओव्या गात. पण हीच माणसे मंदिरात आली की, त्यांच्या पुढे पुष्कळदा परक्या चालीवर बसविलेली भाषांतरित गीते येत. अर्थ उत्तम असे, परंतु जीभ अडखळे. रविवारी मंदिरात एक गाणे आणि सोमवारी जात्यावर दुसरे, अशी जिवाची फाळणी होत असे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. देशी चालीवर ख्रिस्ताचे गुणगान करणारे टिळक पहिले नव्हत. त्यांच्या आधी अहमदनगरच्या मंडळीतील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी गीते रचिली होती, आणि कीर्तनाची पद्धति ख्रिस्ती सेवेत आणिली होती. मंडळीने नांगरलेल्या ह्या भूमीत टिळकांनी भरघोस पेरणी केली. तुकारामांच्या अभंगांनी आपली ख्रिस्ताकडची वाट सुगम केली, असे ते कृतज्ञतेने मानीत. म्हणून अभंग, ओवी, पद, आरती हीं सारी पात्रे त्यांनी निर्भयपणे उचलिली आणि त्यांत शुभवर्तमान भरिले. जुन्या पात्रांबरोबर जुनी उपासनाही परत येईल, अशी भीति काहींस वाटणे स्वाभाविक होते. टिळकांची गीतेच त्या भीतीस उत्तर आहेत. त्यांत चाल महाराष्ट्राची असली, तरी नाम एकट्या येशूचे आहे. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकात त्यांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. याखेरीज ‘अभंगांजली’ हा त्यांच्या अभंगांचा स्वतंत्र संग्रह आहे.

कीर्तनाचे महत्त्व आपल्या उपदेशकांस निराळे सांगावयास नको. दिवसभर शेतात राबून आलेला मनुष्य कोरडे व्याख्यान ऐकता ऐकता डुलक्या घेऊ लागतो. परंतु कंदिलाच्या उजेडात टाळमृदंग वाजू लागले की, चावडीवरचा मनुष्यही उठून येतो. आरंभी प्रभूस नमन होते. मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण होते. उत्तररंगात आख्यान लागते. उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली, तर ऐकणाऱ्या बापांचे डोळे पाणावतात. मधून मधून ध्रुपद येते, ते सर्वांनी धरावयाचे. अशा रीतीने श्रोता नुसता श्रोता राहत नाही, तोही साक्ष देणारा होतो. आणि घरी जाताना शिकवण त्याच्या ओठांवर असते. टिळकांनी स्वतः कीर्तने केली, आणि मंडळीत या सेवेची गोडी वाढविली.

त्यांचे घर म्हणजे एक शाळाच होती. लक्ष्मीबाईंस लिहावयास-वाचावयास त्यांनीच शिकविले, आणि त्याही कविता रचू लागल्या. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांस महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखितो, ते तरुणपणी टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्यावर पोटच्या मुलाप्रमाणे माया केली. ठोंबरे हिंदूच राहिले. त्यामुळे टिळकांच्या मायेत काही उणे आले नाही. एका ख्रिस्ती पाळकाच्या ओसरीवर महाराष्ट्राच्या एका थोर कवीस आसरा मिळाला, ही गोष्ट आपल्या मंडळीने नम्रतेने स्मरावी. मुलांसाठीही टिळकांनी ‘बालबोध मेवा’ मासिकात लिहिले. फुलांवर व मुलांवर त्यांचे इतके प्रेम की, लोक त्यांस फुलांमुलांचे कवि म्हणू लागले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांच्याकडे आले.

टिळक निर्दोष होते असे नाही. त्यांचा राग क्षणात भडके आणि क्षणात विझे. हाती आलेला पैसा ते वाटेत भेटलेल्या गरिबास देऊन टाकीत, आणि घरी चूल कशी पेटवावी याची विवंचना लक्ष्मीबाईंस पडे. हे सारे त्या माउलीने आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मवृत्तात हसतमुखाने लिहून ठेविले आहे. देव परिपूर्ण मनुष्याची वाट पाहत बसत नाही. जो आपणास स्वाधीन करितो, त्याच्याकडून तो काम घेतो.

वय उतरणीस लागले असता टिळकांनी सर्वांस चकित करणारे पाऊल उचलिले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडिली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य बंधुभावाने एकत्र यावेत, आणि ख्रिस्ताचा धर्म या भूमीत परक्या आधारावाचून उभा राहावा, ही त्यांची इच्छा होती. याविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही असू शकतील. परंतु निश्चित वेतन सोडून श्रद्धेच्या वाटेवर निघालेल्या ह्या वृद्ध सेवकाचे धैर्य कोण नाकारील? दरबाराचे काम पुरते रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला.

त्यांचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. प्रभूचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते, पण आरंभीचे अध्यायच लिहून झाले होते. पुढचा भार लक्ष्मीबाईंनी उचलिला. जी बाई एके काळी ख्रिस्ताच्या नावाने घरात रडत होती, जिने प्रौढपणी अक्षरे गिरविली, तिनेच अध्यायामागून अध्याय रचून प्रभूची कथा शेवटाकडे नेली. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण काय शिकावे? टिळकांसारखा कवि प्रत्येक गावी जन्मास येत नाही हे खरे. परंतु टिळकांस गाणारी मंडळी मिळाली नसती, तर त्यांची गीते वहीतच राहिली असती. आपल्या मंडळीत मृदंगावर हात बसलेला एखादा तरुण असेल. लग्नाकार्यात आपोआप ओवी जुळविणारी एखादी आत्या असेल. गोष्ट सांगून मुलांस खिळवून ठेवणारे एखादे आजोबा असतील. त्यांस मागल्या ओळीत गप्प बसवून ठेवू नका. येत्या नाताळात त्या आत्यास गव्हाणीवर चार ओव्या रचावयास सांगा. त्या तरुणास कीर्तनात साथीस घ्या. शब्बाथशाळेत आजोबांस एक दृष्टांत सांगू द्या. रचना ओबडधोबड असली तर पाळकांनी व उपदेशकांनी ती प्रेमाने सुधारावी, आणि शिकवण शास्त्राला धरून आहे की नाही हे पाहावे. देवाने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाची गोष्ट आपणास ठाऊक आहे. ते पुरण्याचा दोष कधी कधी दासाचा नसतो, त्यास संधि न देणाऱ्या मंडळीचा असतो. तो दोष आपल्या मंडळीवर न येवो.