डॉ. चार्ल्स मोरहेड : ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य

मुंबईत भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारात ग्रँट मेडिकल कॉलेज आहे. त्याला नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे मिळाले, पण कॉलेज प्रत्यक्ष उभे केले ते डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी.

मोरहेड यांचा जन्म १८०७ चा. एडिंबरोत वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते पॅरिसला पिएर लुई यांच्याकडे शिकले. रोग्यांच्या नोंदी ठेवायच्या, त्या मोजायच्या आणि मगच उपचाराला गुण आहे की नाही हे ठरवायचे, ही लुई यांची पद्धत. सरसकट रक्त काढण्याच्या त्या काळात ती क्रांतिकारकच होती. १८२९ मध्ये मोरहेड ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईला आले.

मुंबईत त्याआधी एक प्रयोग फसला होता. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली १८२६ मध्ये सुरू झालेली देशी वैद्यकीय शाळा सरकारने १८३२ मध्ये बंद केली. तिच्यातून डॉक्टर नव्हे, इंग्रज डॉक्टरांचे मदतनीस तयार व्हायचे होते. पुढे १८३५ मध्ये कलकत्ता व मद्रास इथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि मुंबई मागे राहिली. त्याच वर्षी गव्हर्नर झालेल्या ग्रँट यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. मोरहेड त्यांच्या खाजगी सेवकवर्गात होते, त्यामुळे योजनेच्या आखणीत त्यांचा हात राहिला.

१८३८ मध्ये ग्रँट दापोडीला वारले. त्यांच्या स्मारकासाठी शहरातून वर्गणी जमली, सरकारनेही भर घातली. ३० मार्च १८४३ रोजी कॉलेजची पायाभरणी झाली. शेजारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहत होते. १८४५ मध्ये दोन्ही सुरू झाली. मोरहेड पहिले प्राचार्य झाले आणि रुग्णालयाचे पहिले फिजिशियनही. शिकवायचे ते रोग्याच्या खाटेशेजारी, हा पॅरिसचा धडा त्यांनी इथे आणला.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबाही होते. शिक्षण पूर्ण डॉक्टराचे मिळाले, पण सरकारी नोकरीत त्यांच्या वाट्याला सब-असिस्टंट सर्जनचे पद आले. युरोपीय डॉक्टरांपेक्षा पगार आणि मान दोन्ही कमी. भाऊ दाजींनी खाजगी व्यवसायाची वाट धरली आणि शहरात मोठे नाव कमावले. कोड्यात पडावे असेच हे चित्र : ज्या सरकारच्या पैशाने ही मुले शिकली, त्यालाच त्यांना बरोबरीची खुर्ची द्यायची नव्हती.

मोरहेड यांनी रुग्णालयांतल्या नोंदींवरून भारतातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १८५६ मध्ये निघाला. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले आणि २४ ऑगस्ट १८८२ रोजी यॉर्कशायरमध्ये वारले.