फॅरडे यांचे रेशीम आणि सोने

१८३७ च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या भांड्यात स्वच्छ टर्पेंटाइन तेल घेतले, त्यात दोन तारा सोडल्या आणि कोरड्या रेशमाचे बारीक तुकडे टाकले. तारेला विद्युतभार देताच विखुरलेले रेशीम चहूकडून धावत आले आणि एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंत त्याचा पूल तयार झाला. वीज थांबली की पूल विस्कटून जाई. तेलातून वीज वाहत नसली तरी तेल स्वस्थ बसलेले नसते, त्याचा कण न् कण ताणाखाली असतो, हे त्यांना दाखवायचे होते.

गावोगावी ज्याला डीपी म्हणतात त्या रोहित्रात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, आज हाच पूल घात करतो. आतल्या तारांना कागद गुंडाळलेला असतो आणि सगळे खनिज तेलात बुडवलेले असते. तेल उष्णता बाहेर नेते आणि विजेला अडवते. कागदाचे तंतू सुटून तेलात आले, त्यांनी ओल धरली, की ते त्या रेशमासारखे रांगेत लागतात. त्या वाटेने ठिणगी पडते. तेलाने पेट घेतला तर आग, नाहीतर अंधार. आणि त्या अंधारात कुठेतरी व्हेंटिलेटरवरचा रुग्णही असतो.

फॅरडे यांचा जन्म १७९१ चा. वडील लोहार, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत शिकले. हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींनाच पाठवली. १८१३ मध्ये तिथेच साहाय्यकाची नोकरी मिळाली. १८२५ मध्ये त्यांनी बेंझिन वेगळे केले. ते अस्थिमज्जेला घातक असते हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एकीतला प्रवाह सुरू किंवा बंद करताच दुसरीत क्षणभर वीज उमटली. जगातल्या प्रत्येक रोहित्राचे मूळ या कड्यात आहे. तारेच्या थरांमध्ये त्यांनी सुतळी आणि सुती कापड घातले होते. तेलाची पाळी आली ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी.

१८३९ च्या अखेरीपासून त्यांची तब्येत ढासळली. डोके दुखे, चक्कर येई, आणि सर्वांत वाईट म्हणजे स्मरणशक्ती दगा देऊ लागली. १८४१ मध्ये पत्नी सारासह ते स्वित्झर्लंडला विश्रांतीसाठी गेले. प्रयोगशाळेतला पारा याला कारण असावा, असा तर्क पुढे केला गेला; पण इतक्या वर्षांनी, रुग्ण न तपासता, कुठल्याही डॉक्टरने त्यावर पैज लावू नये. सावरल्यावर ते पुन्हा कामाला लागले, मात्र विसरभोळेपणा गेला नाही. प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून वहीत लिहिण्याची सवय त्यांना आधीपासून होती; आता तीच त्यांची स्मृती झाली. ते परिच्छेद सोळा हजारांवर गेले.

अशा अवस्थेत, पासष्टीच्या आसपास, त्यांनी सोने हाती घेतले. सोन्याच्या क्षारद्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनी माणकासारखा लाल द्रव बनवला. १८५७ मध्ये त्यांनी मांडले, की हा रंग द्रवात तरंगणाऱ्या धातूच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे. मीठ घातले की लाल रंग निळसर होई, कारण कण एकमेकांना चिकटत. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. रक्तातली तांबडी पेशीच सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते.

रेशीम आणि सोने हे दोन प्रयोग त्यांनी कधी जोडले नाहीत. ते काम अलीकडे चालू आहे. मॅग्नेटाइट, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा सिलिका यांचे नॅनोकण अगदी थोड्या प्रमाणात रोहित्राच्या तेलात मिसळले, तर ते तेल अधिक व्होल्टेज सोसते, असे प्रयोगशाळांतल्या अनेक चाचण्यांत दिसले आहे. तेल स्वच्छ ठेवायचे हा जुना नियम, आणि इथे मुद्दाम कण घालायचे! स्पष्टीकरण असे दिले जाते, की ठिणगीची सुरुवात वेगवान इलेक्ट्रॉनांनी होते. नॅनोकण त्यांना पकडून ठेवतात आणि ठिणगीची धाव मंदावते. सिलिकासारखे कण ओलही धरून ठेवतात.

पण प्रमाण वाढले, किंवा कण चिकटून गोळे झाले, की फायदा उलटतो. फॅरडे यांच्या मिठाच्या प्रयोगात झाले तेच इथे होते, आणि मोठे गोळे पुन्हा पूल बांधायला मोकळे. म्हणून कणांवर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा लेप देतात. रोहित्र पंचवीस-तीस वर्षे चालावे लागते, तेल तापत-निवत राहते. तेवढा काळ हे कण तरंगत राहतील का, हा प्रश्न सुटलेला नाही. त्यामुळे हे तेल अजून नेहमीच्या वापरात आलेले नाही.

फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी वारले. शेवटच्या वर्षांत स्मृती पार विझत गेली होती. त्यांच्या सोन्याच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपल्या आहेत. त्यांतला लाल रंग दीडशेहून अधिक वर्षांनंतरही खाली बसलेला नाही.