पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय, हें माजलगांवच्या पेठेंत कोणास सांगावयास नको. दुष्काळांतच आईबाप गमावलेल्या रमाबाईंस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘पंडिता’ म्हणून गौरविलें. १८८३ सालीं त्या ख्रिस्ती झाल्या, याचा राग पुष्कळांनीं धरला व त्या रागांत त्यांचें काम पाहावयाचें राहून गेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून उपाशी, निराधार मुली आणून या विदुषीनें केडगांवीं त्यांचा सांभाळ केला. आयत्या अन्नावर मात्र बसविलें नाहीं; शेती, विणकाम, छापखान्यांतील खिळे जुळविणें, असे धंदे शिकविले. धर्मादायास पैसा देणारे शेटजी आपल्यांत पुष्कळ. निराश्रित विधवेच्या हातीं धंदा देणारा विरळा! ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर १९२४ सालीं त्याच छापखान्यांतून बाहेर पडलें.